जागल

कोजागिरीच्या मध्यरात्री लक्ष्मी पृथ्वीवर फिरते आणि 'को जागर्ति?' म्हणजे 'कोण जागे आहे?' असे विचारीत जाते, अशी आपल्याकडची जुनी समजूत आहे. जो जागा सापडेल त्याच्या घरी ती धनधान्याची बरसात करते म्हणे. हा नियम तिने वर्षातल्या एकाच रात्रीपुरता ठेवला, हे फार चांगले केले. तो बारा महिन्यांचा असता, तर बुलढाणा जिल्ह्यातला सर्वांत धनाढ्य प्राध्यापक म्हणून एव्हाना माझी ख्याती झाली असती. मग आयकराची माणसे दाराशी आली असती आणि त्यांच्या धास्तीने मला झोप लागली नसती. म्हणजे हिशेब फिरून तिथेच!

उशीला डोके टेकताच ज्यांचा डोळा लागतो, त्या भाग्यवान वाचकांनी हा लेख वाचलाच पाहिजे असे नाही. त्यांनी खुशाल चकलीकडे वळावे. पण रात्री दोन वाजता घरातले एक माणूस, इतरांची झोप मोडू नये म्हणून दिवा न लावता, भिंत चाचपीत पाण्याच्या माठाकडे जाते, असे ज्या घरात घडते, त्या घराशी मला दोन शब्द बोलायचे आहेत. असे घर हे माझेही घर आहे.

मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. तेव्हा सुरुवात व्याकरणापासून केली तर वाचक रागावणार नाहीत, अशी आशा आहे. आपल्या भाषेत 'झोपणे' आणि 'झोप लागणे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'मी झोपलो' म्हटले की कर्ता मी. अंथरूण घातले, दिवा मालवला, पांघरूण ओढले, कूस बदलली, हे सारे माझे कर्तृत्व. पण 'मला झोप लागली' असे म्हणताच कर्तेपद झोपेकडे जाते आणि मी मुकाट्याने चतुर्थीत जाऊन बसतो. म्हणून तर 'दहाला झोपलो, पण झोप लागली ती दोनला' हे वाक्य मराठी माणसाला मुळीच विचित्र वाटत नाही. तहान लागते, भूक लागते, उचकी लागते, ठेच लागते. या कुठल्याच लागण्यात आपला हुकूम चालत नाही. झोप त्याच पंक्तीतली. एवढे व्याकरण मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. ते अंगी उतरायला मात्र काही शेकडा रात्री जाव्या लागल्या.

वास्तविक बुलढाणा हे गाव झोपेसाठीच वसवले असावे. 'भिलठाणा' या शब्दावरून त्याचे नाव पडले असे सांगतात. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर ते बसलेले आहे. खाली पूर्णेच्या खोऱ्यात, मलकापूर-नांदुऱ्याकडे, मे महिन्यात जीव भाजून निघत असतो. पण राजूरचा घाट चढून वर आले की वाऱ्याची झुळूक पाहुण्याचे स्वागत करते. त्यातून जिल्हा कापसाचा. खामगावची बाजारपेठ एकेकाळी एवढी मोठी होती की, १८७० साली जलंबपासून तिथवर आगगाडीचा खास फाटा टाकण्यात आला. अशी थंड हवा, असा कापूस, आणि घरी नव्याने पिंजून भरलेली गादी! निद्रादेवीला याहून अधिक काय हवे?

पण ती रुसली, आणि रुसण्याला निमित्त झाले ते असे. २०१८ च्या दिवाळीनंतर आमच्या आबांना अर्धांगाचा झटका आला. गावी थोरला भाऊ शेती पाहतो. दवाखाना जवळ असावा म्हणून आबांना आम्ही बुलढाण्याला आणले. दिवसाचे काम पत्नीने उचलले, रात्रीचे मी. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी त्यांची कूस बदलायची, आणि दोन वाजता एक औषध द्यायचे. मी त्यांच्या खाटेशेजारी सतरंजी टाकून पडत असे. त्यांच्या घशातून जरा वेगळा आवाज आला की उठून बसत असे. आठ महिने हा क्रम चालला. २०१९ च्या आषाढात आबा गेले.

तेरावा झाला, पाहुणे आपापल्या गावी परतले, आणि ज्या रात्री घर प्रथम रिकामे झाले त्या रात्री मला वाटले, आता महिनाभर झोपून काढीन. बाराला जाग आली. पुन्हा दोनला आली. पुन्हा चारला. कूस बदलायला कुणी नव्हते, औषध द्यायला कुणी नव्हते. पण ठरलेल्या वेळी डोळे उघडत आणि कान पलीकडच्या रिकाम्या खाटेकडे लागत. 'दुःख ताजे आहे, हळूहळू सावराल,' असे सगळे म्हणत. सावरलोही. त्या दिवाळीत आबांच्या गोष्टी सांगून आम्ही हसलोसुद्धा. दुःख निवले, दोनचा ठोका मात्र राहिला. पुढे पुढे तर रात्री दहालाच छातीत धडधड सुरू होई: आज लागेल का? नाही लागली तर उद्याचे तास कसे घ्यायचे?

झोप लागत नाही असे चारचौघांत एकदा बोलून पाहावे. आपल्या समाजात वैद्यांची किती सुबत्ता आहे ते तत्काळ ध्यानात येते. शेजारच्या काकूंनी जायफळ घातलेले दूध सांगितले. मावशींनी काशाच्या वाटीने तळपायाला तूप घासायला लावले. एका सहकाऱ्यांनी शंभरापासून उलटे अंक मोजण्याची युक्ती दिली. मी ते शून्यापर्यंत इतक्या सफाईने मोजू लागलो की, गणिताचे प्राध्यापक आजारी पडले तर बदली म्हणून मला पाठवता आले असते. दुसऱ्या एका मित्राचा सल्ला अधिक मार्मिक होता. 'तुझ्या स्वतःच्या तासाच्या टिपणवह्या वाच,' तो म्हणाला. 'दुपारच्या तासाला निम्मा वर्ग त्यावर झोपतो.' जी देणगी मी साठ मुलांना फुकट वाटतो, ती माझ्या वाट्याला येऊ नये, हा दैवाचा कोण विनोद!

या साऱ्या उपायांत वाईट काहीच नव्हते. जायफळाचे दूध चवीला उत्तम लागते, आणि मायेच्या हाताने तळपाय चोळले तर कुणालाही बरे वाटते. परंतु प्रत्येक उपाय करताना मनाचा एक डोळा उघडा राही: आला का गुण? आता येईल का? झोप ही फार लाजरी वस्तू आहे. तिच्याकडे टक लावून पाहू लागले की ती उंबऱ्याच्या आत येत नाही.

दिवस कसेबसे जात. पत्नीने एके दिवशी काही न बोलता मोटारसायकलची किल्ली आपल्या डब्यात टाकून दिली, आणि मी महाविद्यालयात पायी जाऊ लागलो. वर्गात बोलता बोलता एखाद्या कवीचे नाव ऐन वेळी ओठांवरून निसटून जाई आणि मुले खाली बघत. सर्वांत झोंबले ते आमच्या मुलीचे. तिला माझ्याकडून काही हवे असले, की ती आधी स्वयंपाकघरात जाऊन हळूच विचारी, 'आई, बाबा रात्री झोपले होते का गं?' घरातल्या लहान मुलांना हवामानाचा अंदाज घेऊन आपल्याशी बोलावे लागते, याहून मोठा दंड कोणता?

आणि त्या दोनच्या सुमाराचे विचार! महाभारतातले सौप्तिक पर्व मी तेव्हा नव्या नजरेने वाचले. युद्ध संपलेले आहे, रानात एका वडाखाली तिघे विसावले आहेत. कृपाचार्य आणि कृतवर्मा थकून झोपी जातात. अश्वत्थाम्याला मात्र झोप लागत नाही. तो जागा राहतो, झोपलेल्या कावळ्यांवर घुबडाने घातलेली झडप पाहतो, आणि त्यावरून त्याच्या डोक्यात तो भयंकर बेत शिजतो. त्या रात्री अश्वत्थाम्याला दोन तास झोप लागली असती, तर? आपण सामान्य माणसे दोन वाजता कुणाची कत्तल योजीत नाही. पण गृहकर्जाचे हप्ते, मुलीचे शिक्षण, छातीतली बारीकशी कळ, दहा वर्षांपूर्वी कुणी बोललेला एक शब्द, या सगळ्यांना त्या वेळी घुबडाचे डोळे फुटतात. सकाळी चहाबरोबर तीच माणसे आणि तेच हप्ते पुन्हा साध्या आकाराचे होतात.

त्याच हिवाळ्यात, म्हणजे २०१९ च्या डिसेंबरात, आमच्या जिल्ह्यात एक वाघ आला. वर्तमानपत्रांतून ती हकीकत पुष्कळांनी वाचली असेल. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरच्या रानात जन्मलेल्या या वाघाच्या गळ्यात शास्त्रज्ञांनी रेडिओ-पट्टा बांधला होता. जूनमध्ये तो घरातून निघाला आणि विदर्भ, मराठवाडा, तेलंगणा असे करीत सुमारे १३०० किलोमीटर चालून बुलढाण्याजवळच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. पुढे त्याची एकूण वाटचाल ३००० किलोमीटरांवर गेली आणि लोकांनी त्याला 'वॉकर' असे नाव दिले. तो दिवसा झुडपात पडून राही आणि रात्री चाले. शेते, रस्ते, ओढे, गावांच्या कडा, असे सगळे ओलांडीत तो आला. अपवाद सोडता कुणाला पत्ताही लागला नाही. मला त्याच्याविषयी एक प्रकारचा बंधुभाव वाटू लागला. रात्री दोन वाजता जिल्ह्यात आपण दोघेच जागे आहोत, अशी माझी समजूत झाली होती.

ती समजूत आमच्या दादाने दूर केली. नाताळच्या सुटीत मी गावी गेलो होतो. गाव त्या रानाच्या कडेलाच आहे. गहू-हरभऱ्याचे ओलित चालू होते आणि शेतीपंपाची वीज त्या आठवड्यात रात्रीच्या पाळीची होती. नाहीतरी घरी जागाच राहणार, म्हणून मी दादाबरोबर शेतात गेलो. कडाक्याची थंडी, हातात बॅटरी, काठी, आणि वाघाच्या बातमीने जरा वाढलेला आवाज. आमच्याकडे रात्री पीक राखायला जाण्याला जागल म्हणतात. रानडुकरे आणि रोही यांच्यासाठी ती असतेच. विजेमुळे ओलिताचीही जागल झाली. शिवारात पाहतो तो काय, ठिकठिकाणी बॅटऱ्या लुकलुकत होत्या, शेकोट्या पेटल्या होत्या, लांबून कुणी कुणाला हाका घालीत होते. गाव जागे होते. आपण पोळी खातो तो गहू कुणीतरी रात्री दोन वाजता चिखलात उभे राहून भिजवलेला असतो, हे शहरातल्या जागरणाची कुरकूर करताना लक्षात ठेवावे असे आहे.

दादाने पंप चालू केला, स्प्रिंकलरची तोंडे पाहिली, आणि खोपटातल्या खाटेवर अंग टाकले. पाठ टेकताच घोरू लागला. दीड तासाने आपोआप उठला, पाइप बदलले, आणि शेकोटीजवळ माझ्याशेजारी येऊन बसला. मी तसाच बसलेला पाहून म्हणाला, 'काऊन रे, झोप नाही लागत काय तुले?'

मी त्याला सारे सांगितले. दोनचा ठोका, रिकामी खाट, छातीतली धडधड. तो बराच वेळ काटकीने निखारे सारखे करीत राहिला. मग म्हणाला, 'जागलीवरून मानूस घरी येते, कारन सकाय झाली का पीक राखाचं काम सरते. आबा तं गेले. आता कोनाची जागल करू राह्यला तू?'

मी उत्तर दिले नाही. पण झोपेविषयी मी तोवर ऐकलेल्या आणि वाचलेल्या साऱ्या गोष्टींत त्याचा तो एक प्रश्न मला नेमका वाटला. मला कसला आजार जडला होता असे नव्हे. मी पहाऱ्यावर होतो, आणि पाळी बदलायला कुणी आले नव्हते. वाघ शिवाराच्या कडेने गेला तेव्हा निम्मे लोक झोपलेले होते आणि निम्मे जागे. त्याला जायचे तिकडे तो गेला. आबांचेही तसेच. मी आठ महिने जागलो म्हणून त्यांची पाठ नीट राहिली, हे समाधान आहे. पण मृत्यू आला तो मी जागा असतानाच, शेजारून, पावलाचा आवाज न करता.

प्रश्न नेमका कळला म्हणून झोप लगेच लागली, असे मात्र झाले नाही. पुढे महामारी आली, महाविद्यालय घरात आले, वेळापत्रक विस्कटले. अखेर २०२१ साली मी अकोल्याच्या एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी हे पाहिले की मी घोरता घोरता माझा श्वास अडतो का, पायांत वळवळ होऊन झोप मोडते का, थायरॉईड वगैरे ठीक आहे का, मन खिन्न असते का. मग दादाचाच प्रश्न त्यांनी शास्त्राच्या भाषेत समजावून दिला. आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री, आणि तीन महिन्यांहून जास्त काळ झोपेची तक्रार राहिली, तर तिला जुनाट निद्रानाश म्हणतात. आर्थर स्पीलमन नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८७ साली त्याची तीन अंगे सांगितली: मुळातला स्वभाव, सुरुवातीचे निमित्त, आणि नंतरचे खतपाणी. 'तुमचं निमित्त केव्हाच गेलं,' डॉक्टर म्हणाले. 'आता जे चाललंय ते खतपाण्यावर. शरीराने रात्रीची, त्या खोलीची आणि त्या गादीची सांगड जागरणाशी घातली आहे. ती सोडवायची.'

झोपेचे दोन दोर असतात, असे त्यांनी सांगितले. अलेक्झांडर बोर्बेली या स्वित्झर्लंडच्या संशोधकाने १९८२ साली ही गोष्ट मांडली. पहिला दोर भुकेसारखा: जितका वेळ जागे राहाल तितकी झोपेची ओढ वाढते, दुपारी तासभर लोळले की रात्रीची भूक तेवढी मरते. दुसरा दोर घड्याळाचा. प्रत्येक पेशीत एक घड्याळ चालते आणि त्याला किल्ली मिळते ती मुख्यतः उजेडातून. या घड्याळाचा उलगडा करणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हे घड्याळ किती हट्टी असते याचा एक गमतीदार दाखला आहे. १९३८ साली नॅथॅनिएल क्लाइटमन हा शास्त्रज्ञ आपल्या एका तरुण विद्यार्थ्याला घेऊन अमेरिकेतल्या मॅमथ नावाच्या गुहेत ३२ दिवस राहिला. सूर्य दिसत नाही, तर २४ ऐवजी २८ तासांचा दिवस पाळता येतो का, हे त्यांना पाहायचे होते. विद्यार्थ्याला ते जमले. क्लाइटमनला जमले नाही. त्याचे शरीर २४ तासांचाच हिशेब धरून बसले. तेव्हा तो ४३ वर्षांचा होता, म्हणजे साधारण माझ्याच वयाचा. झोप न झाल्याने आयुष्य घटते या भीतीने ज्यांची झोप उडते, त्यांच्या माहितीसाठी सांगतो: झोपेवर जन्मभर संशोधन करणारा आणि त्यासाठी स्वतःला अनेकदा जागवणारा हा गृहस्थ १०४ वर्षे जगला.

मग डॉक्टरांनी औषधाऐवजी एक वही दिली. किती वाजता अंथरुणावर पडलो, अंदाजे केव्हा डोळा लागला, किती वेळा जाग आली, केव्हा उठलो, एवढेच सकाळी लिहायचे. रात्री घड्याळ पाहायचे नाही. दोन आठवड्यांची बेरीज निघाली ती अशी: अंथरुणात नऊ तास, झोप साडेपाच तास. 'मग साडेपाच तासांचंच अंथरूण घाला,' डॉक्टर म्हणाले. रात्री बारापूर्वी पाठ टेकायची नाही आणि काही झाले तरी साडेपाचला उठायचे. रविवारीही. अंथरुणावर पडून झोप येईना असे वाटले, की उठून दुसऱ्या खोलीत जायचे आणि डोळे जड झाले की परत यायचे. वीस वेळा उठावे लागले तरी वीस वेळा. हा दुसरा नियम रिचर्ड बुटझिन यांनी १९७२ साली मांडला. या सगळ्या पद्धतीला आता इतकी मान्यता आहे की, अमेरिकेतल्या वैद्यांच्या एका मोठ्या संस्थेने २०१६ साली जुनाट निद्रानाशावर गोळ्यांच्या आधी हाच उपचार करावा असे सांगितले.

ऐकायला हे सोपे वाटते. पहिले तीन आठवडे माझी परीक्षाच होती. रात्री दहा ते बारा हे दोन तास बुलढाण्यासारख्या गावात घालवायचे कुठे? पत्नी म्हणाली, 'अहो, नुसते बसण्यापेक्षा तांदूळ तरी निवडा.' मी तांदूळ निवडले. मग डाळ, मग ज्वारी. मग लसूण सोलला. तीन आठवड्यांत घरातले सारे डबे निवडून झाले आणि शेजारच्या काकूंनी आपले गहू आमच्याकडे पाठवण्याची इच्छा बोलून दाखवली. दिवसा डोळ्यांवर अशी झापड येई की खडू हातातून गळे. पण चौथ्या आठवड्यात एक नवल घडले. बाराला पाठ टेकली आणि पुढचे जे आठवते ते साडेपाचचा गजर. अंथरुणातल्या वेळेपैकी शेकडा ८५ हून अधिक वेळ झोपेत जाऊ लागला, की पाव तास वाढवायचा, असा हिशेब होता. अशा पाव-पाव तासांनी मी चार महिन्यांत पावणेसात तासांवर आलो.

याच्या जोडीला काही किरकोळ पथ्ये होती. चहा दुपारी दोननंतर बंद. कारण चहा-कॉफीतले कॅफीन पाच तासांनंतरही सुमारे निम्मे अंगात शिल्लक असते, आणि ते झोपेच्या निरोप्याला दाराशीच अडवून धरते. सकाळी उठल्याबरोबर अर्धा तास उघड्यावर, उजेडात. रात्री फोन दुसऱ्या खोलीत. त्याच्या उजेडापेक्षा त्यातला मजकूर अधिक जागवतो. आणि संध्याकाळी सहा वाजता पंधरा मिनिटे चिंतेची वही. हप्ता, छातीतली कळ, कुणाचा शब्द, जे काही असेल ते उजेडीच लिहून काढायचे आणि शेजारी उद्या करायचे काम मांडायचे. घुबडाला दिवसा फारसे दिसत नाही, असे आपण मानतो. निदान माझ्या घुबडाच्या बाबतीत ते खरे ठरले.

दोन गोष्टी मात्र बजावून सांगतो. ज्यांचा घोरता घोरता श्वास अडतो, जे दिवसा बसल्या जागी पेंगतात, त्यांचा मामला निराळा. त्यांनी आधी तपासणी करून घ्यावी. ज्यांना फेपरे येते, किंवा ज्यांना वाहन चालवावे लागते, त्यांनी अंथरुणाचे तास असे मनाने कमी करू नयेत. आणि झोपेची गोळी दुसऱ्याची पाहून घेऊ नये, चालू असलेली आपल्या मनाने एकदम सोडूही नये. चरकाचार्यांनी आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य यांना शरीराचे तीन उपस्तंभ म्हटले आहे. घराचा खांब बदलायचा तर आपण गवंड्याला विचारतोच ना?

पुराणातल्या मुचकुंद राजाची मला आता गंमत वाटते. देवांच्या बाजूने तो वर्षानुवर्षे लढला आणि 'वर माग' म्हटल्यावर त्याने मागितली ती झोप! पूर्वी मला तो आळशी वाटे; पहाऱ्यावर उभ्या राहिलेल्या माणसाची मागणी म्हणून पाहिले, की ती किती रास्त होती हे उमजते. मला वर मिळालेला नाही. आठवड्यातून एखाद्या रात्री अजून दोनला जाग येते. मग मी उठतो, बैठकीत आबांच्या खुर्चीवर बसतो, एखादे जुने मासिक चाळतो. धडधड होत नाही. झोपणे हे माझे काम, ते मी केलेले असते. लागणे हे तिचे काम, ते तिच्यावर सोपवतो. बहुधा ती येते. न आली तरी गजर साडेपाचलाच होतो, आणि त्या दिवशी मुलीला आईकडे चौकशी करावी लागत नाही.

शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून आपल्या राज्यात २०१७ साली सौर कृषी वाहिनीची योजना निघाली, आणि २०२३ साली तिला दुसऱ्यांदा चालना मिळाली. गेल्या हिवाळ्यात आमच्या शिवारातही दिवसाची वीज आली. मी आनंदाने दादाला फोन केला. म्हटले, 'आता तुझी रात्र तुझी झाली. झोपतोस ना पोटभर?'

'कायचं रे!' तो म्हणाला. 'इतक्या सालाची सवय. राती दोनले बरोब्बर डोये उघडतेत. मंग आढ्याकडे पाहत पडतो.'

मी विचारले, 'दादा, आता कोणाची जागल करतोस?'

पलीकडे क्षणभर शांतता होती. मग तो खो खो हसला. 'मास्तर झाला तू झोपेचा,' म्हणाला. 'सांग आता, काय कराव लागते ते.'

मी त्याला सांगितले: पडून राहू नकोस. ऊठ, ओट्यावर ये, चांदणे असेल तर बघ. तांदूळ निवडायचे असतील तर वहिनींना विचार.